अंगठी काढणारी बाई

१९४८ सालच्या दिवाळीआधी आठ दिवस मुंबईहून येणारा एक मचवा उरणजवळ खाडीच्या तोंडाशी उलटला. आत चाळीसेक माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर मढी वाळूवर लागायला लागली. त्यात नामा होता. मिठागरात काम करणारा, तिशीचा माणूस. तो मुंबईला बहिणीला दिवाळीचं बोलावणं करायला गेला होता.

त्याची बायको सत्यवती तिथे पोचली तेव्हा पोलीसपाटलाने मढी ओळीने निजवली होती. पाण्याबरोबर आलेलं सामान, छत्र्या, वहाणा, एक पत्र्याची पेटी, कुणाची तरी नवी कोरी साडी, असं सगळं त्याने तिच्या शेजारी आणून टाकलं. ज्याचं त्याने ओळखून न्यावं म्हणून. सासरा बुधाजी डोक्याला हात लावून बसला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, पोरी, त्याच्या बोटातली अंगठी काढून घे, ती चितेत जायला नको. लग्नातली चांदीची अंगठी होती. बोट सुजलं होतं. ओढून निघेना, वाळू लावून निघेना. सत्यवतीने नवऱ्याचा हात मांडीवर घेतला, दात आवळले आणि सगळं बळ लावून ओढली.

त्याच वेळी कुणीतरी तिचा फोटो काढला. तिला ते कळलंही नाही.

तीन दिवसांनी मुंबईच्या एका दैनिकात तो छापून आला. मढ्यावर वाकलेली बाई, तिच्या गुडघ्याशी सामानाचा ढीग, एका हाताने ती मेलेल्या माणसाच्या बोटातून अंगठी ओढते आहे आणि तिचे दात दिसत आहेत. दात आवळलेले होते, पण फोटोत ती हसल्यासारखी दिसत होती. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'मढ्यांवरची लूट'.

गावातल्यांना खरं काय ते ठाऊक होतं. पण तो पेपर काही फक्त गावात वाचला गेला नाही. पाचव्या दिवशी एक शिपाई आला आणि चौकशीसाठी अंगठी घेऊन गेला. ती परत मिळायला सहा महिने गेले. त्याआधीच माणसं यायला लागली होती. मचव्यात ज्यांची माणसं गेली ते लांबलांबच्या गावचे लोक पेपराची घडी काखेत घेऊन दारात उभे राहायचे. तळा गावाहून सोनाबाई नावाची एक म्हातारी आली. तिच्या मुलाच्या मनगटावर घड्याळ होतं, मढं मिळालं तेव्हा नव्हतं. ती तीन दिवस उंबऱ्याशी बसून राहिली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणत राहिली की घड्याळ दे बाय, माझ्या लेकाची दुसरी खूण माझ्यापाशी न्हाय. सत्यवतीने तिला देवाशपथ सांगितलं, घरातली मडकी उपडी करून दाखवली, शेवटी तिच्या पाया पडली. म्हातारीने पेपर उलगडला, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, मग ही हसते कशापायी?



फोटो तिथे थांबला नाही. त्याला कुठलंसं बक्षीस मिळालं, मग तो एका दिवाळी अंकात आला, मग एका पुस्तकात. ज्याला त्याला त्यात काहीतरी दिसे. कुणाला दुष्काळी भुकेने माणुसकी संपलेली दिसे, कुणाला स्वातंत्र्यानंतरचा समाज. बुधाजी होता तोवर येईल त्याला सांगायचा की तो माझा मुलगा आणि ही माझी सून. बुधाजी गेल्यावर धाकटा दीर दादू याला लोकांना समजावण्याचा कंटाळा आला. नंतर नंतर तोच म्हणायला लागला की सामान हिच्यापाशीच होतं, काय झालं ते मी तरी कुठे पाहिलं. त्या दिवशी सत्यवतीने आपल्या पाचसहा वर्षांच्या लेकीचा, राहीचा हात धरला आणि घर सोडलं. मुरुडला तिची मावशी मनुबाई नारळाच्या वाडीत राहायची. तिच्याकडे ती आली आणि रावजी नावाच्या गृहस्थांच्या लॉजमध्ये स्वयंपाकाला लागली.

लॉज म्हणजे पुढे ओटी, मागे चार खोल्या. मुंबई-पुण्याची माणसं समुद्राच्या हवेला यायची. सत्यवती मासळी चांगली करायची, कुणाशी जास्त बोलायची नाही. राही मोठी झाली. सोळा वर्षांची झाल्यावर तिला अलिबागकडचं एक स्थळ आलं. सुपारी फुटायच्या बेतात असताना मुलाच्या काकाने कुठून तरी माहिती काढली की ही त्या फोटोतल्या बाईची पोर. पुन्हा निरोपसुद्धा आला नाही. राही आईला एका शब्दाने बोलली नाही. त्यामुळे सत्यवतीला जास्त लागलं.

हे झालं १९६३ च्या माघात. त्यानंतर महिन्याने रामचंद्र सबनीस लॉजवर उतरले.

चाळिशीचे, उंच, मऊ बोलणारे गृहस्थ. फोटोग्राफर म्हणून त्यांचं नाव होतं. कोकण किनाऱ्यावर पुस्तक काढायचं होतं म्हणून दोन कॅमेरे घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालली असताना पुण्याचे एक मास्तर आणि त्यांची बायको यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी आपल्या फोटोंची जाड वही आणली. पानं उलटत एकेक फोटो दाखवत होते. सत्यवती साराचं पातेलं घेऊन वाढायला बाहेर आली आणि उघडलेल्या पानावर तिला आपला नवरा दिसला.

"ह्या फोटोने मला उभं केलं," सबनीस सांगत होते. "माणूस किती खाली उतरू शकतो ते ह्या एका चेहऱ्यात आहे."

मास्तरांची बायको वहीवर वाकली. म्हणाली, डोळे बघा हो तिचे, अगदी घारीसारखे. मास्तर म्हणाले, मुळात रक्तातच असावं लागतं हे. सबनीस नुसते हसले आणि त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. सत्यवतीने त्यांना सार वाढलं. मास्तरांना वाढलं. मास्तरांच्या बायकोने वर न बघता आणखी थोडा भात मागितला. सत्यवतीने भातही वाढला.

आत आल्यावर ती चुलीपुढे बसली. पंधरा वर्षं तिने ज्या माणसाला मनातल्या मनात हजारदा शाप दिले होते त्याला तोंड नव्हतं. आता त्याला तोंड होतं, आणि तो तिच्या हातचं जेवत होता. तिने त्याच दुपारी ठरवलं की ह्याला सोडायचं नाही. विष तिच्या मनात आलं, पण रावजींच्या घरात तसलं काही करायला तिचं मन घेईना. मग समुद्र आहेच, असं तिला वाटलं.

सबनिसांना समुद्रातल्या कासा किल्ल्याचा फोटो हवा होता, पण पाण्याच्या अगदी लगत बसून. मधे बगळ्याचा खडक म्हणून एक खडक आहे. ओहोटीला तो अंगणाएवढा उघडा पडतो, भरतीला त्याच्यावर पुरुषभर पाणी असतं. लॉजची होडी चालवणारा तुळशीराम भाच्याच्या लग्नाला गेला होता. सत्यवतीने रावजींना सांगितलं की मी नेते, खाडीत मिठागरावर जाताना मीच होडी मारायची. रावजींनी हो म्हटलं. ती अमावास्येपर्यंत दोन दिवस थांबली. अमावास्येचं उधाण मोठं असतं, बाराच्या सुमाराला पाणी पुरतं भरतं.

सकाळी सातला तिने त्यांना खडकावर उतरवलं. ते खुशीत होते. कॅमेऱ्याची तिपाई मांडली, काळ्या पडद्याखाली डोकं घालून बघत राहिले. तिने सांगितलं, साहेब, मी जरा बाजूला जाते, होडी मधे येईल. त्यांनी मान हलवली. ती वीसेक हात लांब गेली आणि वल्हं आडवं धरून बसून राहिली.

नऊपर्यंत त्यांचं लक्षच नव्हतं. मग पाण्याने तिपाईचे पाय भिजवले. त्यांनी सामान आवरलं आणि हाक मारली. सत्यवती हलली नाही. त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. दोन्ही हात हलवून पुन्हा हाक मारली. पोहता येत नाही, हे त्यांनी होडीत बसतानाच हसत सांगितलं होतं.

"साहेब, तुमच्या वहीतली ती बाई," सत्यवती म्हणाली, "ती मी हाय."

सबनीस तिच्याकडे बघत राहिले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला असेल.

पाणी त्यांच्या घोट्याशी होतं. तिने घाई केली नाही. फोटोत मी काय करते ते सांगा, असं तिने विचारलं. ते म्हणाले, आधी होडी आण, आपण बोलू. तिने होडी आणली नाही. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा ते म्हणाले, अंगठी काढते आहेस. कुणाची, तिने विचारलं. मला काय ठाऊक, मी परका माणूस, मी दिसलं ते टिपलं, असं ते म्हणाले. मग त्यांनी बरंच सांगितलं. खालचं वाक्य मी लिहिलं नाही, कचेरीत लिहिलं. मी तेव्हा पंचविशीचा होतो. तुला त्रास झाला असेल तर वाईट वाटतं. पाणी गुडघ्यांवर चढलं. लाटेने तिपाई पडली आणि वाहून गेली. एक कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता, दुसऱ्याची पिशवी त्यांनी डोक्यावर धरली होती.

"कुणाची अंगठी?" सत्यवतीने पुन्हा विचारलं.

पाणी कमरेला लागलं होतं. एक मोठी लाट आली, पिशवी हातातून सुटली आणि ते गुडघ्यावर पडले. उठले तेव्हा खडकाचा सुळका दोन्ही हातांनी धरून होते.

"तुझ्या नवऱ्याची," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. मी म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, माझी सून आहे. मी ते फोटोच्या मागे लिहूनसुद्धा दिलं होतं."

"मंग?"

"तीन दिवसांनी वेगळंच छापून आलं. सगळे माझी पाठ थोपटत होते. मी बोललो नाही."

सत्यवतीने हे धरलंच नव्हतं. पंधरा वर्षं ती समजत होती की परका माणूस चुकला. त्याला ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून हे झालं. आणि हा तर बुधाजीच्या शेजारी उभा राहून सगळं विचारून गेला होता. सोनाबाई उंबऱ्याशी बसली होती तेव्हा ह्याला ठाऊक होतं. राहीचं लग्न मोडलं तेव्हाही ठाऊक होतं. परवा मास्तरीण घारीचे डोळे म्हणाली तेव्हा तर हा समोर बसून जेवत होता.

तिने होडी वळवली आणि किनाऱ्याकडे वल्हं मारायला सुरुवात केली. मागून तो ओरडत होता. पहिल्यांदा तिला सत्यवती हे नाव घेऊन, मग बाई म्हणून, मग आई म्हणून. ती दहाबारा वल्ही मारून गेली असेल. तेव्हा तिच्या मनात आलं की बुधाजी गेला, दादू फिरला, पोलीसपाटील गेला. अंगठी माझ्या नवऱ्याची होती हे पहिल्यापासून जाणणारा, आणि ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील असा, आता हा एकच माणूस उरला आहे. हा बुडाला की तेही बुडालं.

ती परत फिरली ती त्यासाठी. दया म्हणून नाही.

आता लाटेगणिक पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं. होडीच्या कडेवरून वाकून तिने त्याच्या कोटाची कॉलर धरली. भिजलेला, जड माणूस. तिने दात आवळले आणि सगळं बळ लावून त्याला वर ओढलं. त्याचं अर्धं अंग होडीत आलं तेवढ्यात खडकाच्या पलीकडून दुसरी होडी आली. रावजी त्या पुण्याच्या मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला किल्ला दाखवायला घेऊन निघाले होते. मास्तरांच्या हातात कॅमेरा होता.

चार दिवसांनी तो फोटो मुंबईच्या पेपरात आला. बुडत्याला ओढून काढणारी बाई, उसळलेलं पाणी, तिचे आवळलेले दात. खाली लिहिलं होतं की मुरुडच्या धाडसी स्त्रीने स्वतःच्या जिवावर उदार होऊन प्रसिद्ध छायाचित्रकाराला वाचवलं. लॉजसमोर माणसं जमायला लागली. मास्तरीण म्हणाली, चेहऱ्यावर बघा कशी माया आहे, पोटच्या पोरासाठी असावी तशी. सबनीस तापाने खोलीत पडून होते. होडीतच त्यांनी वचन दिलं होतं की पेपरात खरं लिहीन. सत्यवतीने आठ दिवस वाट बघितली. नवव्या दिवशी गावाने शाळेत तिचा सत्कार ठेवला.

शाळेचा व्हरांडा माणसांनी भरला होता. कोळीवाड्यातल्या बायका आल्या होत्या, बाजारातली मुसलमान मंडळी आली होती, तालुक्याचे साहेब खुर्चीवर होते. सत्यवतीला साडी आणि नारळ दिला. मग सबनीस बोलायला उभे राहिले. बराच वेळ ते समुद्र आणि माणुसकी यांच्याविषयी बोलले. ह्या माउलीने मला दुसरा जन्म दिला, असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि ते खाली बसले.

सत्यवतीने नारळ टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. लोकांना वाटलं आभार मानणार.

तिने सांगायला सुरुवात केली ती मचव्यापासून. मुलखात सगळ्यांना ठाऊक असलेला तो फोटो माझा आहे, हे ऐकल्यावर व्हरांड्यात कुजबुज झाली. मढं माझ्या नवऱ्याचं होतं, अंगठी आमच्या लग्नातली होती, असं ती म्हणाली. मागून कुणीतरी म्हणालं, आता कशाला जुनं काढते, चांगला दिवस आहे. तालुक्याच्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की नुसतं एवढं सांगून कुणी मानणार नाही. आज ती चांगली बाई होती म्हणून ते ऐकून घेत होते इतकंच.

"आणि ह्या साहेबाला मी वाचवायला न्हाय नेला," ती म्हणाली. "बुडवायला नेला. अमावास्या बघून नेला. दोन तास पाणी चढताना बघत बसले. खोटं हाय का विचारा त्याला."

 सगळे सबनिसांकडे वळले. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सांगा साहेब. दोन्ही सांगा. अंगठी कुणाची ते सांगा, आणि होडीत मी काय केलं तेही सांगा. मला जेलात घालायचं तर घाला."

सबनीस उठले. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. एखादा म्हणाला असता की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. सगळ्यांनी ते आनंदाने मानलं असतं. बहुधा तेही त्यांच्या मनात येऊन गेलं असेल. पण ती हातभर अंतरावर उभी होती आणि त्यांच्या डोळ्यांतून नजर काढत नव्हती.

"खरं आहे," ते म्हणाले. "अंगठी तिच्या नवऱ्याची होती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तिने मला बुडवायलाच नेलं होतं."

मास्तर उठून बायकोला घेऊन बाहेर गेले. साहेबांनी सबनिसांना विचारलं, फिर्याद द्यायची आहे का. ते नाही म्हणाले. सत्यवतीने साडी घडी घालून नारळाशेजारी ठेवली, राहीला हाक मारली आणि दोघी चालत वाडीत गेल्या.

ही हकीकत पेपरवाल्यांनी सोडली नाही. सबनिसांना दिलेलं बक्षीस काढून घ्यावं असं लोकांनी लिहिलं, किनाऱ्याचं त्यांचं पुस्तक कुणी छापलं नाही. मुंबईतल्या त्यांच्या स्टुडिओत लग्नाची जोडपी जाईनाशी झाली, असं पुढे रावजींच्या कानावर आलं. त्यांनी ते सत्यवतीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं. ती मनापासून म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही, नंतरही कधी वाटलं नाही. तिचंही काही नीट झालं असं नाही. पाहुणे तिच्या हातचं जेवायला कचरायला लागले, म्हणून रावजींनी तिला हळूच नको सांगितलं. होडीत तर तिच्याबरोबर कुणी बसेना. ती मनुबाईच्या वाडीत नारळ सोलायला आणि झावळ्यांची झापं विणायला लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर तिला टपालाने एक लाकडी डबी आली. आत कापसात गुंडाळलेली काचेची पट्टी होती, हाताच्या पंजापेक्षा जरा मोठी. बरोबर दोन ओळी होत्या, त्या राहीने वाचल्या. त्या फोटोची मूळ काच हीच, दुसरी नाही, आता हिच्यावरून कुणी फोटो काढू शकणार नाही. खाली सबनिसांची सही.

सत्यवतीने कोयता हातात घेतला. काच पायरीवर ठेवणार तोच राही म्हणाली, "थांब आये. मला बघू दे."

तिला काय बघायचं होतं ते सत्यवतीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. नामाचा दुसरा फोटो जगात कुठेच नव्हता. राही दीड वर्षाची असताना तो गेला, आणि पेपरातला तो फोटो आईच्या धाकाने तिने कधी नीट पाहिला नव्हता. राहीने काच उजेडाकडे धरली. आईकडे, अंगठीकडे तिचं लक्ष नव्हतं. वाळूवर निजलेल्या माणसाचा चेहरा ती बघत होती.

"बा म्हातारे होते?" तिने विचारलं. "केस पांढरे दिसतात."

"काचेत उलटं दिसतं. काळेभोर होते. आणि असे सुजलेले पण नव्हते. ते पाण्याने."

राही बराच वेळ बघत राहिली. मग तिने काच आईच्या हातात दिली. सत्यवतीने ती पायरीवर ठेवली आणि कोयत्याच्या पाठीने तीन घाव घातले. तुकडे केळीच्या आळ्यात पुरले. हात धुऊन आली तेव्हा राही अजून पायरीवर बसली होती.

"नाक कसं होतं?" राहीने विचारलं.

सत्यवती तिच्याजवळ बसली. म्हणाली, तुझ्यासारखं, पण शेंड्याला जरा वाकडं. लहानपणी मिठागराच्या बांधावरून पडले होते.